हॅलो, मी बँकेतून बोलतोय

२४ मे १९७१. दिल्लीतल्या पार्लमेंट स्ट्रीटवरची स्टेट बँकेची शाखा. दुपारी बाराच्या आसपास मुख्य कॅशियर वेदप्रकाश मल्होत्रा यांचा फोन वाजला. पलीकडचा माणूस म्हणाला, मी पंतप्रधानांचा सचिव हक्सर बोलतोय. बांगलादेशच्या एका गुप्त कामासाठी साठ लाख रुपये ताबडतोब हवे आहेत. मल्होत्रा घुटमळले, तेव्हा पलीकडचा म्हणाला, थांबा, पंतप्रधानांशीच बोला. मग फोनवर इंदिरा गांधींचा आवाज आला. निदान मल्होत्रांना तो तसा वाटला.

पुढची हकीकत बऱ्याच जणांना ऐकून माहीत असेल. मल्होत्रांनी साठ लाख रोख काढले, ट्रंकेत भरले, बँकेच्या गाडीत टाकले आणि ठरलेल्या जागी गेले. तिथे एक उंच, गोरा माणूस भेटला. 'बांगलादेश का बाबू' आणि 'बार अॅट लॉ' हे सांकेतिक शब्द जुळले आणि पैसे त्याच्या हवाली झाले. पावती पंतप्रधानांच्या घरी मिळेल असं सांगितलेलं होतं, म्हणून मल्होत्रा तिकडे गेले. शेवटी खऱ्या हक्सरांनी सांगितलं, आम्ही असा फोन केलेलाच नाही!

तो माणूस म्हणजे रुस्तम सोहराब नगरवाला. पोलिसांनी त्याच दिवशी त्याला पकडलं आणि जवळजवळ सगळी रक्कम परत मिळाली. तीन दिवसांत खटला उरकून त्याला चार वर्षांची शिक्षा झाली. मार्च १९७२ मध्ये तो कैदेत असतानाच वारला. पुढे १९७७ साली जनता सरकारने न्यायमूर्ती जगनमोहन रेड्डी आयोग नेमला, पण लोकांच्या मनातल्या शंका काही गेल्या नाहीत. पैसे कोणाचे, आवाज कोणाचा, यावर आजही वाद घालता येतो. रोहिंटन मिस्त्रींच्या 'सच अ लाँग जर्नी' या कादंबरीतही हे प्रकरण आहे. (२०१० साली मुंबई विद्यापीठाने अभ्यासक्रमातून काढली ती हीच कादंबरी.)

राजकारणाचा भाग आपण सोडून देऊ. माझ्यासारख्या प्रोग्रॅमरला यात रस आहे तो वेगळ्याच कारणासाठी. हल्ली तुम्हाआम्हाला येणाऱ्या 'मी बँकेतून बोलतोय' या फोनमध्ये जे जे असतं, ते सगळं या ५० वर्षांपूर्वीच्या कॉलमध्ये आहे. मोठ्या माणसाचं नाव आहे, घाई आहे, 'कोणाला सांगू नका' आहे. सुरक्षेचा देखावासुद्धा आहे, म्हणजे ते सांकेतिक शब्द. पण ते शब्द ठरवले कोणी? फोन करणाऱ्यानेच! ज्या माणसावर संशय घ्यायचा त्यानेच दिलेल्या किल्लीने कुलूप उघडलं, एवढाच त्याचा अर्थ. मल्होत्रांनी पडताळणी केली नाही असंही नाही. ते स्वतः पंतप्रधानांच्या घरी गेलेच की. फक्त पैसे दिल्यानंतर गेले. तेच काम आधी, एका उलट फोनने झालं असतं. शेवटी मल्होत्रांची नोकरी गेली.

गंमत अशी की तोपर्यंत बँकांना हा प्रश्न नवा नव्हता, आणि त्यांनी तो आपसात व्यवस्थित सोडवलेलाही होता. तारेने पैसे पाठवायची पद्धत आली तेव्हाच ही अडचण उभी राहिली. मुंबईच्या शाखेत तार आली की 'अमक्याला दहा हजार द्या', तर ती कलकत्त्याच्या शाखेनेच पाठवली हे कशावरून? तारेवर सही नसते. तार ऑफिसात जाऊन कोणीही तार करू शकतो. यावर उपाय म्हणून 'टेस्ट की' आली. दोन्ही बँकांकडे आकड्यांची सारखीच गुप्त कोष्टकं असत, ती कुलपात ठेवलेली. रक्कम, तारीख वगैरेंवरून कोष्टकातले आकडे काढायचे, त्यांची बेरीज करायची आणि तो आकडा तारेत घालायचा. पलीकडच्या बँकेने तेच गणित पुन्हा करायचं. आकडा जुळला तर पैसे द्यायचे, नाहीतर तार बाजूला. आमच्या भाषेत हा 'मेसेज ऑथेंटिकेशन कोड'च झाला, फक्त हाताने काढलेला! टेलेक्सवरही हेच चालायचं. १९७७ साली स्विफ्टचं नेटवर्क सुरू झालं आणि हळूहळू हे गणित मशीनकडे गेलं.

म्हणजे निरोप आणणाऱ्याने आधी स्वतःची ओळख पटवायची, हा नियम बँकांना चांगला ठाऊक होता. मधल्या काळात तो आपल्यापर्यंत, म्हणजे खातेदारांपर्यंत, पोचलाच नाही. तो कुठे हरवला ते बघू.

त्याआधी आणखी एक किस्सा सांगतो, कारण त्यातला धडा वेगळा आहे. ऑक्टोबर १९७८, लॉस एंजेलिसची सिक्युरिटी पॅसिफिक बँक. स्टॅन्ली रिफकिन नावाचा कॉम्प्युटर कन्सल्टंट (आमच्याच जातीचा!) कामानिमित्त बँकेच्या वायर ट्रान्सफरच्या खोलीत जात-येत असे. तिथला रोजचा गुप्त कोड तिथल्या तिथे लिहून ठेवलेला असायचा. याने तो वाचला, पाठ केला आणि बाहेर येऊन पब्लिक फोनवरून त्याच खोलीत फोन लावला. मी आंतरराष्ट्रीय विभागातला माईक हॅन्सन, १ कोटी २ लाख डॉलर पाठवायचे आहेत. कोड विचारला, त्याने सांगितला. मग पलीकडच्या बाईंनी आणखी एक सेटलमेंट नंबर मागितला. तो काही त्याला माहीत नव्हता. तो न डगमगता म्हणाला, बघून सांगतो. मग बँकेच्याच दुसऱ्या विभागाला फोन करून त्याने तो नंबर मिळवला, पुन्हा फोन केला आणि पैसे गेले. त्या पैशांतून त्याने रशियन हिरे घेतले. थोड्याच दिवसांत पकडला गेला आणि आठ वर्षांची शिक्षा झाली, ते सोडा.

नगरवाला प्रकरणाने सांगितलं की आवाज हा पुरावा नाही. रिफकिनने सांगितलं की माहिती असणं हाही पुरावा नाही. फोनवरच्या माणसाला तुमचं पूर्ण नाव, कार्डाचे शेवटचे चार आकडे, शाखा, परवाची खरेदी असं सगळं ठाऊक असेल. त्यावरून एवढंच कळतं की ही माहिती त्याच्याकडे आहे. ती कुठून आली हे कळत नाही. झेरॉक्सच्या दुकानापासून लीक झालेल्या डेटाबेसपर्यंत ती कुठूनही आलेली असू शकते.

आता खऱ्या कॉलकडे येऊ. कारण बँका खरंच फोन करतात, आणि चांगल्या कारणासाठी करतात. १९९२ साली सॅन डिएगोच्या एचएनसी या कंपनीने 'फाल्कन' नावाची सिस्टिम आणली. प्रत्येक कार्डाच्या सवयी न्यूरल नेटवर्कने शिकायच्या आणि सवयीबाहेरचा व्यवहार दिसला की घंटा वाजवायची. (न्यूरल नेटवर्क आत्ता आलंय असं वाटणाऱ्यांसाठी ही माहिती.) पुण्यात राहणाऱ्या माणसाच्या कार्डावर रात्री तीन वाजता परदेशात दोन टीव्ही विकत घेतले गेले, तर काहीतरी गडबड आहे हे मशीनला कळतं. पण ती खरेदी गिऱ्हाईकानेच केली की चोराने, हे मशीनला कळत नाही. ते एकाच माणसाला माहीत असतं, तुम्हाला. म्हणून कोणीतरी तुम्हाला फोन करून विचारतं, 'हा व्यवहार तुम्ही केलात का?'

या वाक्याकडे नीट बघा. खऱ्या अॅलर्ट कॉलला तुमच्याकडून हवं असतं ते 'हो' किंवा 'नाही'. एक बिट! 'नाही' म्हटलंत तर कार्ड बंद करणं हे बँकेचं काम, आणि त्यासाठी तिला तुमच्याकडचं कुठलंही गुपित लागत नाही. कार्ड तिचंच, सर्व्हरही तिचाच.

प्रत्यक्षात मात्र बँकांनी इथे घोळ घालून ठेवला. नव्वदच्या दशकात आणि २००० नंतर फोन बँकिंग आलं, कॉल सेंटर्स आली. आपण बँकेला फोन केला की ती आपली जन्मतारीख, आईचं माहेरचं आडनाव वगैरे विचारायची. हे ठीकच आहे, फोन करणाऱ्याने ओळख पटवायची. पण मग तीच स्क्रिप्ट उलट्या दिशेलाही वापरात आली. फोन बँकेने करायचा आणि ओळख आपण पटवायची! टेस्ट कीचा नियम हरवला तो इथे.

माझ्याच बँकेचा अनुभव सांगतो (नाव नको). एका ऑनलाईन खरेदीनंतर फोन आला. "सर, व्हेरिफिकेशनसाठी तुमची जन्मतारीख सांगाल का?" मी म्हटलं, "मॅडम, फोन तुम्ही केलाय. तुम्ही बँकेतूनच बोलताय हे मला कसं कळणार?" पलीकडे शांतता. मग, "सर, मी बँकेतूनच बोलतेय." मी म्हटलं, "ठीक आहे, मीच कार्डाच्या मागच्या नंबरवर फोन करतो." बाईंचा आवाज जरा दुखावलेला वाटला. मी फोन केला, वीस मिनिटं तेच ते संगीत ऐकलं आणि कळलं की कॉल खराच होता. त्या बाईंची काहीच चूक नव्हती. त्यांच्या हातात जी स्क्रिप्ट दिली होती, ती ठगाच्या स्क्रिप्टसारखीच होती, चूक तिथे होती. अशा कॉल्सनी वर्षानुवर्षं आपल्याला एकच सवय लावली, अनोळखी माणसाने बँकेचं नाव घेतलं की विचारेल ते सांगायचं.

या सवयीचं पीक कापणारे आले ते नंतर. ऑगस्ट २००९ पासून रिझर्व्ह बँकेने ऑनलाईन कार्ड व्यवहारांना जादा पासवर्ड सक्तीचा केला आणि २०११ मध्ये प्रत्येक कार्ड व्यवहाराचा अॅलर्ट पाठवणं बँकांना बंधनकारक केलं. दोन्ही निर्णय उत्तम होते. चोरलेल्या कार्ड नंबरावर परस्पर खरेदी करणं अवघड झालं. पण सिक्युरिटीत एक दार बंद केलं की गर्दी दुसऱ्या दाराशी जाते. आता चोराला ओटीपी हवा होता, आणि ओटीपी होता तुमच्या हातातल्या फोनवर. मग तुम्हालाच फोन करण्यावाचून त्याला गत्यंतर राहिलं नाही. झारखंडमधलं जामताडा याच धंद्यासाठी देशभर बदनाम झालं. 'आपका एटीएम कार्ड ब्लॉक हो गया है' हे वाक्य तिथून किती घरांत गेलं असेल कोण जाणे. (त्याच जिल्ह्यातल्या करमाटांडला ईश्वरचंद्र विद्यासागरांनी आयुष्याची शेवटची बरीच वर्षं काढली. तिथल्या रेल्वे स्टेशनचं नावही विद्यासागर आहे. असो.)

'मग नंबर बघून ओळखायचं' असं कोणी म्हणेल. स्क्रीनवर दिसणारा नंबर हा पाकिटावर लिहिलेल्या प्रेषकाच्या पत्त्यासारखा असतो. पाठवणारा लिहील ते. टेलिफोन एक्स्चेंजेस एकमेकांवर विश्वास ठेवतील असं धरून ही यंत्रणा बांधली गेली, तेव्हा त्या मोजक्या कंपन्यांच्या ताब्यात होत्या. इंटरनेटवरून कॉल करता येऊ लागले आणि हवा तो नंबर दाखवणं स्वस्त झालं. कॉलर आयडीच्या अॅपमध्ये दिसणारं नाव तर लोकांनीच टाकलेलं असतं. आणि व्हॉट्सअॅपवर बँकेचा लोगो डीपी म्हणून लावायला कितीसा वेळ लागतो?

यावर आता सरकारी बाजूने थोडं काम झालंय. ऑक्टोबर २०२४ मध्ये परदेशातून येऊन भारतीय नंबर दाखवणारे बनावट कॉल अडवणारी यंत्रणा सुरू झाली. बँकांच्या सेवा आणि व्यवहारविषयक कॉल्ससाठी १६०० ने सुरू होणारे नंबर ठरवले गेले आणि जाहिरातींसाठी १४० ने सुरू होणारे. जानेवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने हे नंबर वापरायला सांगितलं, आणि ट्रायने व्यापारी बँकांना १ जानेवारी २०२६ ची मुदत दिली. म्हणजे दहा आकडी साध्या मोबाईलवरून 'बँक मॅनेजर' बोलत असेल तर आता संशयाला अधिकृत कारण आहे. पण याचा उलटा अर्थ काढू नका. १६०० दिसलं म्हणून ओटीपी वाचून दाखवायचा नाही.

'फोन ठेवा आणि बँकेच्या नंबरवर स्वतः लावा' या सल्ल्यावरही ठगांनी तोड काढलेली आहे. ब्रिटनमधल्या लँडलाईनवर एक खोड होती. ज्याने फोन केला त्याने रिसीव्हर ठेवेपर्यंत लाईन थोडा वेळ चालूच राहायची. ठग म्हणायचा, 'शंका येतेय? बरोबर आहे. फोन ठेवा आणि कार्डाच्या मागचा नंबर फिरवा.' आजोबा रिसीव्हर ठेवून लगेच पुन्हा उचलायचे. ठग तिकडून डायल टोन वाजवायचा, आजोबा नंबर फिरवायचे आणि फोन 'उचलायचा' त्याच ठगाचा साथीदार! पुढे कंपन्यांनी लाईन चालू राहण्याचा तो वेळ कमी केला. २०२१ साली तिथे १५९ हा नंबर सुरू झाला, तो फिरवला की तुम्ही थेट तुमच्या बँकेत. आपल्याकडची नवी आवृत्ती म्हणजे कॉल मर्ज. 'दुसरा कॉल येतोय तो जोडून घ्या' असं सांगतात, आणि तो दुसरा कॉल असतो बँकेचा, ओटीपी वाचून दाखवणारा. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूपीआयच्या अधिकृत खात्यावरून याबद्दल इशारा दिला गेला होता.

हे सगळं वाचून माझं मत असं झालंय की 'खरा कॉल कसा ओळखायचा' हा प्रश्नच चुकीचा आहे. मल्होत्रा मुख्य कॅशियर होते, वायर ट्रान्सफरच्या बाई रोज तेच काम करायच्या. त्यांना ओळखता आलं नाही, तर मीटिंगमधून बाहेर येऊन अर्ध्या लक्षाने फोन घेणाऱ्या आपल्याला काय ओळखता येणार? त्यात आता कॉम्प्युटर कोणाचाही आवाज काढतो. तेव्हा ओळखायची गरजच पडणार नाही असं वागायचं. कॉल खरा असो की खोटा, दोन्ही वेळी बरोबर ठरेल असं काहीतरी करायचं. आणि असं करण्याजोगं आहे.

१. ऐकून घ्या. कुठला व्यवहार, किती रक्कम, कुठे, हे कळलं की "बघतो" म्हणून फोन ठेवा. कॉलवर माहिती घ्यायची, द्यायची नाही. जन्मतारीखसुद्धा नाही.

२. बँकेचं अॅप स्वतः उघडा आणि व्यवहार दिसतोय का बघा. शंका असेल तर तिथूनच कार्ड बंद करा. कॉल खरा असेल तर चोरी थांबली, खोटा असेल तर फार तर नवं कार्ड येईपर्यंतची गैरसोय.

३. बोलायचंच असेल तर कार्डावर छापलेला नंबर स्वतः फिरवा. गुगलवर 'कस्टमर केअर' शोधून मिळालेला नंबर नको, तिथेही हीच मंडळी बसलेली असतात.

४. काही वाक्यं कानावर पडली तर विचार करण्याचीही गरज नाही. ओटीपी, पिन, सीव्हीव्ही सांगा. पैसे 'सुरक्षित खात्यात' हलवा. हे अॅप टाका, मी स्क्रीन बघतो. हा कोड डायल करा. फोन ठेवू नका. घरी कोणाला सांगू नका. खरी बँक यातलं काहीही म्हणत नाही. आणि पैसे 'मिळवण्यासाठी' यूपीआय पिन कधीच लागत नाही.

५. पैसे गेलेच तर लाजत बसू नका. लगेच १९३० ला फोन करा आणि बँकेला कळवा. पैसा चार-पाच खात्यांतून फिरायच्या आत अडवता आला तरच हाती लागतो, म्हणून तासाला नाही, मिनिटाला किंमत आहे.

ही यादी तुमच्यासाठी नाही खरं तर. तुम्ही-आम्ही ऑफिसात सिक्युरिटीचं ट्रेनिंग दरवर्षी क्लिक करून संपवतो. ज्यांच्या खात्यात आयुष्यभराची पुंजी आहे ते साताऱ्याला, नाशिकला, डोंबिवलीत बसलेले असतात, आणि त्यांच्या पिढीला बँकेच्या साहेबाचा फोन मध्येच ठेवणं हा उद्धटपणा वाटतो. ठग जगतो तो याच सभ्यतेवर. तेव्हा या रविवारी घरी फोन कराल तेव्हा यादी वगैरे पाठ करून घेऊ नका, आईबाबांना एवढंच सांगा. साहेबाचा फोन मध्येच ठेवला तर खरा साहेब रागावत नाही, आणि जो रागावतो तो साहेब नसतो. ते म्हणतील, "अगं, पण खरंच बँकेचा असला तर?" तर काही बिघडत नाही. तारेच्या जमान्यात बँकाही एकमेकींना असंच थांबवून ठेवायच्या.